चाकांवरच्या घराचा जमाखर्च



आपल्या समाजात परदेशप्रवासाची एक रीत ठरून गेली आहे. सहल कंपनीचे पत्रक हाती आले की प्रेक्षणीय स्थळांच्या यादीआधी 'सोबत जैन स्वयंपाकी' ही ओळ शोधली जाते. ती सापडली की निम्मा निर्णय झालाच. त्यात गैर काही नाही. परंतु भोजनाची चिंता मिटते तेव्हा उठण्या-बसण्याची वेळ दुसऱ्याच्या हाती जाते, आणि चाळीस-पन्नास जणांच्या बसमध्ये आपले कुटुंब आपल्यालाच फारसे भेटत नाही. अलीकडे काही कुटुंबे निराळा मार्ग धरू लागली आहेत. स्वयंपाकघरासह घरच भाड्याने घ्यायचे आणि ते आपणच चालवत न्यायचे. या चाकांवरच्या घराला मोटरहोम म्हणतात.

गतवर्षी चातुर्मास संपल्यानंतर, मार्गशीर्षात, आम्ही सहा जण न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर बारा दिवस अशा घरात राहिलो. साऱ्या प्रवासाचे वर्णन करण्याचा मानस नाही. पहिल्या दिवसापुरतेच लिहितो, कारण पुढचे दिवस कसे जाणार हे त्या एका दिवसात ठरते. आमच्या बाबतीत तर त्याहून अधिक काही ठरायचे होते.

आमचे चिरंजीव स्थापत्य अभियंता आहेत. फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात क्राइस्टचर्च शहराची मोठी हानी झाली. पुढे पुनर्बांधणीचे काम निघाले, त्या कामासाठी ते तेथे गेले आणि स्थिरावले. दोन वर्षांपासून त्यांचा आग्रह होता की आम्ही उभयतांनी सोलापूरचे घर विकून कायमचे तिकडेच राहावे. त्या रकमेतून तिकडच्या घराला दोन खोल्या वाढवता येतील. प्रस्ताव प्रेमाचा होता. तरीही सौभाग्यवती हो म्हणत नव्हत्या आणि नाहीही म्हणत नव्हत्या. प्रवासाआधी तीन आठवडे आम्ही मुलाच्या घरी राहिलो. भांडी यंत्र घासते, कपडे यंत्र धुते, सूनबाई नोकरीवर, मुले शाळेत. "आई, तुम्ही बसा," हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानी पडे. त्यात आदर होता, पण तीन आठवडे नुसते बसून राहणे म्हणजे काय, हे बसणाऱ्यालाच ठाऊक. उत्तर प्रवासानंतर द्यायचे ठरले होते.

आता गाडीविषयी. लांबी साधारण सात मीटर, झोपण्याची सोय सहा जणांची. चालकाच्या डोक्यावर एक पलंग. मागील बाजूस समोरासमोर बाके आणि मध्ये मेज, रात्री त्याचाच दुसरा पलंग. मधल्या बैठकीचा तिसरा. दोन शेगड्या, लहान फ्रीज, हात धुण्याचे भांडे, आणि कपड्याच्या कपाटाएवढ्या जागेत शौचालय व शॉवर. एवढ्यात तीन पिढ्या.

गाडी ताब्यात घेताना जी कागदपत्रे पुढे येतात त्यांत तीन कलमे व्यापारी मनुष्याने नीट वाचावीत. पहिले विम्याचे. गाडीचा विमा असतोच, पण नुकसान झाल्यास काही हजार डॉलरपर्यंतची पहिली रक्कम भाडेकरूच्या माथी असते आणि तेवढी क्रेडिट कार्डावर राखून ठेवली जाते. रोज काही जादा रक्कम भरल्यास ही जबाबदारी कमी होते किंवा संपते. बारा दिवसांची जादा रक्कम एकीकडे आणि संभाव्य भुर्दंड दुसरीकडे मांडून आम्ही ती भरली. परक्या रस्त्यावर, सवय नसलेल्या लांबीची गाडी घेऊन जोखीम स्वतःकडे ठेवण्यात शहाणपण नव्हते. दुसरे कलम विम्यातून वगळलेल्या गोष्टींचे. छताला आणि गाडीच्या पोटाला झालेली इजा पुष्कळदा वगळलेली असते. म्हणून गाडीची उंची कागदावर लिहून चालकासमोर चिकटवावी. पेट्रोल पंपाचे छप्पर आणि झाडांची फांदी यांना आपला करार ठाऊक नसतो. तिसरे कलम रस्ता वापरण्याच्या शुल्काचे. न्यूझीलंडमध्ये पेट्रोलवरचा रस्ताकर किमतीतच धरलेला असतो, डिझेलवर तो नसतो. डिझेल गाडीला किलोमीटरच्या हिशेबाने वेगळे शुल्क पडते. साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनास ते हजार किलोमीटरला ७६ डॉलर होते, आणि भाड्याची गाडी परत करताना ते वसूल होते. पंपावर डिझेल स्वस्त दिसते म्हणून हुरळून जाऊ नये.

कागद झाल्यावर एक कर्मचारी गाडी समजावून सांगण्यास आला. चिरंजिवांना निघण्याची घाई होती. "बाबा, सगळं फोनवर बघता येतं," असे ते म्हणालेही. परंतु सौभाग्यवतींनी त्या तरुणास जवळजवळ एक तास सोडले नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पाणी किती?" सुनेने तो इंग्रजीत विचारला. टाकी शंभर लिटरची होती.

शंभर लिटर हा आकडा मोठा वाटतो. शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी जाते. एका माणसाने दहा-बारा मिनिटे आंघोळ केली की सहा माणसांचे पाणी संपले. आत आलेले पाणी बाहेरही जायचे असते. भांड्यांचे व आंघोळीचे वापरलेले पाणी गाडीखालच्या दुसऱ्या टाकीत साठते आणि ते रस्त्याकडेला सोडणे सर्वथा वर्ज्य आहे. नेमून दिलेल्या जागी जाऊनच रिकामे करावे लागते. शौचालयाची पेटी निराळी, तीही तेथेच हाताने ओढून नेऊन ओतायची आणि धुवायची. गाडी स्वयंपूर्ण असल्याचे प्रमाणपत्र मिळण्यासाठी तेथील नियमात माणशी रोज चार लिटर पाणी तीन दिवस पुरेल एवढी किमान साठवण धरली आहे. आपल्याकडे एक बादली ज्या कामाला लागते, तेवढ्यात एका माणसाचे तीन दिवस!

विजेचेही तसेच. गाडीतील बॅटरीवर दिवे आणि पाण्याचा पंप चालतो. मायक्रोवेव्ह किंवा मिक्सर चालवायचा तर तळावर पोहोचून बाहेरच्या खांबाला वायर जोडावी लागते. विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्टचा असल्याने सोलापूरहून नेलेला लहान मिक्सर तिकडे चालला. पिनांचा आकार मात्र वेगळा, त्याचा जोड सोबत लागतो.

शिधा भरण्यास क्राइस्टचर्चमध्येच गेलो. भारतातून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की त्या देशात खाद्यपदार्थ नेण्याचे नियम फार कडक आहेत. खाकरे असोत वा मसाला, सोबत जे असेल ते जाहीर करावे. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतील. लपवलेली किंवा विसरलेली सापडली तर जागेवर ४०० डॉलर दंड होतो. डाळ, तांदूळ, कणिक, तूप, हिंग हे सारे तेथील भारतीय दुकानांत मिळते. म्हणून आम्ही घरून केवळ बंद पाकिटांतील थोडे खाकरे नेले होते, आणि तेही जाहीर करून.

दुपारी एकच्या सुमारास निघालो. पल्ला टेकापो सरोवरापर्यंतचा, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा. सिनेमात दाखवतात तसे धावत्या गाडीत पत्ते खेळणे किंवा चहा करणे येथे चालत नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी पट्टा बांधून बसावे लागते, आणि सात वर्षांखालील मुलास वेगळे सुरक्षा-आसन सक्तीचे आहे. सहा वर्षांच्या नातीची त्यावरची कुरकुर पहिले पन्नास किलोमीटर चालली. निघताना गॅसची तोटी बंद करायची आणि प्रत्येक फडताळाची कळ दाबून पाहायची, हे काम अकरा वर्षांच्या नातवाकडे सोपवले. पहिल्याच वळणावर चमच्यांचा खण धाडकन उघडला, त्यानंतर नातवाला आपल्या पदाचे महत्त्व पटले.

तेथे वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. मोकळ्या रस्त्यावर वेगाची मर्यादा ताशी १०० किलोमीटर, साडेतीन टनांहून जड गाडीस ९०. क्राइस्टचर्च सोडले की कँटरबरीचे सपाट मैदान लागते. मग राकाया नदीवरचा पूल येतो. लांबी पावणेदोन किलोमीटर. तो त्या देशातील रस्त्यावरचा सर्वांत लांब पूल आहे. खाली पात्र अफाट, पण पाणी अनेक बारीक धारांत विखुरलेले, जणू कुणी वेणी सोडून केस मोकळे केले आहेत. पुढे ॲशबर्टन, मग मुख्य रस्ता सोडून जेराल्डाइन. तेथे थांबून थेपले आणि लोणचे खाल्ले. मागे मोटारींची रांग दिसली की जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी आणि त्यांना जाऊ द्यावे, हा तेथला शिष्टाचार चिरंजीव काटेकोर पाळत होते. जाणारा प्रत्येक जण हात वर करून आभार मानी, आणि नात खिडकीतून त्या सर्वांना उत्तर देई.

फेअरली गावानंतर बर्क्स पास ही सातशे मीटरची खिंड चढली की देखावा एकदम पालटतो. हिरवे कुरण संपून पिवळसर गवताचे विस्तीर्ण पठार आणि क्षितिजावर हिमाच्छादित रांग. १८५५ साली हजारेक मेंढ्या चोरून नेल्याचा आरोप ज्याच्यावर आला, त्या जेम्स मॅकेन्झीचे नाव या साऱ्या प्रदेशाला मिळाले आहे. आरोपीच्या नावाने तालुका ओळखला जावा, याची आम्हा बँकवाल्यांना मोठी मौज वाटते! रस्त्याकडेला जांभळ्या-गुलाबी ल्युपिनची फुले दूरवर पसरली होती. दिसायला देखणी, पण बाहेरून आणलेली. नद्यांच्या पात्रात माजून ती तेथील पक्ष्यांची जागा घेतात, असे चिरंजिवांनी सांगितले.

पाचच्या पुढे टेकापोच्या तळावर गाडी लावली. सरोवराचे पाणी दुधाळ निळे आहे. हिमनदी खडकाचे पीठ करते, ते पाण्यात तरंगत राहते, त्यामुळे हा रंग. काठावर १९३५ सालचे लहानसे दगडी प्रार्थनागृह आहे. मुले तिकडे धावली, आणि गाडीत दिवसाचा खरा प्रसंग उभा राहिला.

पाण्याची पातळी दाखवणारे चार दिवे फडताळाच्या वर होते. सकाळी चारही पेटलेले, आता दोनच. जेराल्डाइनला भाजी धुताना आणि डबे विसळताना सूनबाईंनी घरच्यासारखी तोटी सुरू ठेवली होती. मुलांनीही हात धुताना तेच केले. चिरंजीव थोड्या चढ्या आवाजात म्हणाले, "अगं, पहिल्याच दिवशी निम्मी टाकी?" सूनबाईंचा चेहरा उतरला. सात मीटरच्या घरात रुसायला दुसरी खोली नसते. तळावर पाण्याचा नळ होता, टाकी पाच मिनिटांत भरता आली असती. प्रश्न पाण्याचा राहिलाच नव्हता.

सौभाग्यवती एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी दोन पातेली घेतली. एकात थोडे साबणाचे पाणी, दुसऱ्यात विसळण्याचे. ताटे आधी कागदाने पुसून घेतली, मग पहिल्यातून दुसऱ्यात. भांडी झाली तेव्हा चार लिटरही खर्ची पडले नव्हते. सूनबाई काही वेळ पाहत उभ्या राहिल्या. मग त्यांनी विचारले, "आई, हे कुठे शिकलात?"

सौभाग्यवतींचे माहेर बार्शीचे. वडिलांचे भुसार मालाचे दुकान. १९७२ च्या दुष्काळात त्या शाळकरी होत्या. "आमच्याकडे सात माणसांना दिवसाला चार घागरी होत्या," त्या म्हणाल्या, "त्यात गाळून प्यायचं पाणी आलं, स्वयंपाक आला, आणि दारी कुणी आलं तर त्याचा तांब्याही आला." लग्नाला चाळीस वर्षे होऊन गेली, पण घागरींचा हा हिशेब मीही प्रथमच ऐकत होतो. सूनबाई म्हणाल्या, "मग इथला पाण्याचा हिशेब तुम्हीच बघा, आई." तीन आठवडे 'तुम्ही बसा' म्हणणाऱ्या मुलीने पहिल्यांदा काम मागून घ्यायला सांगितले होते. पुढे भाजी सुनेने चिरली, फोडणी सासूने दिली. दोघींना एकाच वेळी उभे राहता येईल एवढी रुंदी त्या ओट्याला नव्हती, तरी दोघी उभ्या राहिल्या.

जेवायला बसलो तेव्हा सात वाजले होते. आपल्याकडे मार्गशीर्षात सहाच्या ठोक्याला सूर्य मावळतो आणि दुकानाचे शटर ओढून घरी पोहोचेपर्यंत चौविहार करणाऱ्यांची धांदल उडते. तेथे डिसेंबर हा उन्हाळा. सूर्य नऊ वाजून गेल्यावर मावळला. मुगाची खिचडी, कढी आणि मिक्सरवर वाटलेली कोथिंबिरीची चटणी. तळाचे सामायिक स्वयंपाकघर प्रशस्त होते, पण तेथे सर्व प्रकारचे अन्न शिजते. आपल्या गाडीतली दोन शेगड्यांची जागा त्यासाठीच मोलाची.

मग प्रश्न निघाला शौचालयाच्या पेटीचा. सकाळी ती कोणी रिकामी करायची? चिरंजीव म्हणाले, "मीच करीन रोज." मी वही काढून बारा दिवसांच्या पाळ्या लिहिल्या. त्यात माझे नाव घातले. सौभाग्यवतींनी आपलेही घालायला लावले. नातवाने नाक मुरडून "ई!" केले. आजी म्हणाली, "करताना ई म्हणतोस का? मग उचलताना कशाला?" सारे हसले, आणि मदतनीस म्हणून त्याचेही नाव लागले. आपल्या घरांतून ही कामे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या कोणी केली, आपण महिन्याचे पैसे दिले आणि त्या माणसाकडे कधी पाहिले नाही. त्या वहीत आपले नाव लिहिताना सोलापूरच्या आमच्या गल्लीत रोज पहाटे येणाऱ्या बाईंचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला.

मुले झोपल्यावर आम्ही चौघे बाहेर खुर्च्या टाकून बसलो. हा प्रदेश २०१२ पासून आंतरराष्ट्रीय तारांगण-राखीव क्षेत्र आहे. दिव्यांचा उजेड येथे नियमाने मर्यादित ठेवला जातो. अकरानंतर काळोख दाटला तेव्हा मृग नक्षत्र दिसले, पण उलटे. दक्षिण गोलार्धात ते तसेच दिसते. चिरंजिवांनीच विषय काढला. "आई, मग काय ठरलं?"

त्या थोडा वेळ थांबून बोलल्या. "तुझ्या घरात मला सगळं आहे रे, काम नाही. इथे आज होतं." मग म्हणाल्या, "सोलापूरचं घर विकायचं नाही. तिथे माझी माणसं आहेत, मंदिर आहे, दारात तुळस आहे. वर्षातून चार महिने येऊ. पण आले की स्वयंपाकघराचा एक भाग माझा. तुम्ही बसा म्हणायचं नाही."

चिरंजीव गप्प झाले. त्यांनी वाढीव खोल्यांचा आराखडाही काढून ठेवला होता, हे मला ठाऊक होते. मी एवढेच सांगितले की नोकरीच्या काळात घर विकून मुलांकडे गेलेली आणि दोन वर्षांनी भाड्याचे घर शोधत परतलेली माणसे मी बँकेत पाहिली आहेत. त्यांत मुलांचा दोष क्वचितच होता. परतीचा रस्ता ठेवून गेलेला मनुष्य अधिक मोकळ्या मनाने राहतो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "चार नाही, पाच महिने." सौभाग्यवती म्हणाल्या, "बघू." आमच्या घरात 'बघू' याचा अर्थ बहुधा होकार असतो. नाराजी पूर्ण गेली नव्हती, पण गोष्ट उघडपणे बोलली गेली होती, आणि वाढीव खोल्यांची रक्कम कर्जाच्या रूपाने उभारता येईल का, याचा हिशेब आम्ही दोघांनी दुसऱ्या दिवशी मांडायला घेतला.

ज्यांना असा प्रवास करावयाचा आहे, त्यांनी पहिल्या दिवसापुरते इतके पाळावे. पल्ला तीन तासांहून लांब ठेवू नये. गाडी समजून घेण्यास एक तास द्यावा आणि घरातील वडीलधाऱ्यांना त्या वेळी जवळ उभे करावे. पहिला मुक्काम वीज व पाणी जोडता येईल अशा तळावरच करावा. रानातला मुक्काम गाडीची सवय झाल्यावर. उजेड असताना पोहोचावे. आणि निघण्यापूर्वी प्रत्येकाला, सहा वर्षांच्या मुलीलाही, एक काम नेमून द्यावे. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. त्यामुळे हा अनुभव घेण्यासाठी समुद्र ओलांडलाच पाहिजे असे नाही.

मोठ्या घरात पाणी कोठून येते आणि घाण कोठे जाते, हे दिसत नाही. कोण किती राबतो आणि कोण रिकामा बसून झुरतो, हेही दिसत नाही. लहान घरात चार दिवे सारे दाखवतात. व्यापारात आपण रोजमेळ रोज मिटवतो, कारण उद्यावर टाकलेला हिशेब वाढतो, हे आपणांस ठाऊक आहे. घरातील माणसांचा रोजमेळही तितक्याच वेळेवर मिटवला, तर पुष्कळ जुन्या येण्या-देण्याची बाकी वर्षानुवर्षे पुढे ओढावी लागणार नाही.